कोकण हे नाव आणि कोकणी ही ओळख : पार्श्वभूमी

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्याला आज सर्रास कोकण म्हटले जाते. नाव जुने आहे, पण त्याच्या सीमा फार काळ स्थिर राहिल्या नाहीत. अशोकाच्या शिलालेखांत या पश्चिम किनाऱ्याचा उल्लेख ‘अपरान्त’ असा येतो. पुढे शिलाहारांच्या काळात उत्तर आणि दक्षिण कोकणावर त्या घराण्याच्या दोन वेगळ्या शाखा राज्य करत होत्या. आणि परशुरामाच्या कथेतून आलेली ‘सप्तकोंकणा’ची कल्पना तर थेट केरळपर्यंत पोहोचते.

सतराव्या-अठराव्या शतकांत हा किनारा तुकड्यातुकड्यांनी वाटला गेला होता. वसईत 1739 पर्यंत पोर्तुगीज, जंजिऱ्यात सिद्दी, कुलाब्यात आंग्रे, सावंतवाडीत सावंत-भोसले. साऱ्या किनाऱ्याची एक ओळख तयार न होण्याचे त्याहून महत्त्वाचे कारण भूगोलात आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांच्या खाड्यांनी किनारा आडवा कापलेला असल्याने दक्षिणोत्तर खुष्कीचा प्रवास कष्टाचा होता. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे, म्हणून चिपळूणचे व्यवहार कुंभार्ली घाटाने कऱ्हाडशी आणि राजापूरचे अणुस्कुऱ्याने कोल्हापूरकडे जुळले. शेजारच्या खाडीपलीकडच्या गावापेक्षा घाटमाथ्यावरची पेठ अधिक ओळखीची, अशी ही स्थिती होती. 1818 नंतर इंग्रजांनी उत्तर कोकण आणि दक्षिण कोकण असे मुलुखी विभाग केले खरे, पण ती सोय महसुलाची होती. त्यातून आपलेपणा निर्माण झाला असे मला वाटत नाही.

तो आपलेपणा मुंबईत घडला, असे माझे ठाम मत आहे. 1850च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातून गिरण्यांकडे आणि गोदीकडे माणसांचा ओघ लागला. परळ-लालबागच्या चाळींत गावागावाच्या मंडळांच्या खोल्या होत्या : भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, वर दोरीवर कपडे, एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसऱ्या पाळीची वळकटी उलगडायची, आणि भाड्यासाठी माणशी वर्गणी. या खोलीत माणूस आपल्या गावाचाच राही. गिरणीच्या खात्यात मात्र त्याच्या शेजारी साताऱ्याचा किंवा पुण्याकडचा कामगार उभा असे, आणि त्या ‘घाटी’ माणसासमोर संगमेश्वरचा, मालवणचा आणि महाडचा असे तिघेही सारखेच ‘कोकणातले’ ठरत. दर महिन्याची मनीऑर्डर आणि गणपती-शिमग्याला गावी परतणारा चाकरमानी यांच्यामार्फत ही ओळख मग गावोगाव पोहोचली. मुस्लिमांमध्ये ‘कोकणी’ ही समाजाची ओळख म्हणून आधीपासूनच रूढ होती, ही बाब या चर्चेत अनेकदा सुटून जाते. ती सुटू नये.

पुढचा टप्पा शासनाचा. 1967च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, आणि मराठी माणसाच्या बोलण्यातले कोकण व्यवहारात सावंतवाडी-बांद्याच्या आसपास संपू लागले. 1972 मध्ये दापोलीला कोकणच्या नावाने कृषी विद्यापीठ आले. 1981 मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि कुलाब्याचे रायगड झाले. 1998 मध्ये पूर्णपणे सुरू झालेली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत जाते. तिच्या नावातले कोकण त्यामुळे तीन राज्यांत पसरलेले आहे. महसुली कोकण विभागात तर मुंबईचे दोन्ही जिल्हेही मोडतात, मात्र गिरगावात राहणारा माणूस ‘कोकणात जातो’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तो विभाग नसतो.

नावाचा प्रश्न अलीकडे पुन्हा ऐरणीवर आला तो आंब्यामुळे. देवगड आणि रत्नागिरी येथील बागायतदारांचे हापूसवर वेगवेगळे दावे होते. 2018 मध्ये मिळालेले हापूसचे भौगोलिक मानांकन अखेर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना लागू झाले. मुंबई वगळलेल्या या यादीची हद्द लोकांच्या बोलण्यातल्या कोकणाशी, महसुली विभागापेक्षा अधिक जुळते.