‘वॉटरप्रूफ’ फरशी म्हणजे काचेच्या खोलीसाठी चालणारी फरशी?

काचेच्या सनरूममध्ये वॉटरप्रूफ विनाइल किंवा एसपीसी फळ्या डोळे झाकून टाकाव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याने न फुगणारी. इथे खरा शत्रू पाणी नाही, ऊन आहे.

एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि पीव्हीसी. काचेतून थेट ऊन पडले की फळ्या तापतात, प्रसरण पावतात. कडेला मोकळी फट नसेल किंवा जड कपाटाने त्या दाबून धरल्या असतील, तर सांध्यांवर उचलल्या जातात. रबरी पाठीचा गालिचा टाकलात तर डाग पडतो तो वेगळाच. तो पुसून जात नाही.

इथे व्हिट्रिफाइड टाइल उजवी. पाणी शोषण ०.५ टक्क्यांपर्यंतच, रंग उन्हाने उडत नाही. मात्र तापल्यावर तीही वाढते: ४ मीटर लांबीत तापमानाच्या ३० अंशांच्या फरकाने साधारण पाऊण मिलिमीटर. म्हणून नुसत्या सिमेंटवर न बसवता एस१ दर्जाचे लवचिक अ‍ॅडेसिव्ह वापरा, खाली पोकळी ठेवू नका. दर अडीच ते साडेतीन मीटरवर आणि भिंतीलगत सांधा सोडून त्यात ग्राउट (टाइलच्या फटींत भरतात ते कडक होणारे मिश्रण) नव्हे, सिलिकॉन भरा. हे सांधे दिसायला बरे नाहीत म्हणून मिस्त्री गाळतात, आणि टाइल मधूनच तंबूसारख्या उभ्या राहतात.

टाइल फिक्या रंगाची आणि मॅट पृष्ठभागाची निवडा. गडद टाइलवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येणार नाही.