कचऱ्याचं पिंप प्रवासाला निघतं तेव्हा

३ नोव्हेंबर १९७३. न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे निघालेल्या पॅन अ‍ॅमच्या बोइंग ७०७ मालवाहू विमानाच्या कॉकपिटमध्ये धूर भरू लागला. तो काही केल्या थांबेना. वैमानिकांनी विमान बॉस्टनकडे वळवलं, पण उतरता उतरता ते कोसळलं आणि तिन्ही कर्मचारी मरण पावले. मालात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्याभोवती लाकडाचा भुसा ठासलेला होता. धूर नेमका कुठून आला हे निर्विवाद सिद्ध झालं नाही. तरी गळलेलं आम्ल आणि भुसा यांच्यातल्या रासायनिक क्रियेनेच अपघाताची सुरुवात झाली असावी, असं मत चौकशी मंडळाने नोंदवलं.

भुसा वापरावासा का वाटतो हे समजू शकतं. तो धक्के झेलतो, ओल शोषतो, स्वस्त असतो. पण नायट्रिक आम्ल हे नुसतं आम्ल नसून जोरदार ऑक्सिडीकारकही आहे. आगीला लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच पुरवतं, आणि भुसा म्हणजे तर आयतं इंधन. म्हणून अशा बाटल्यांभोवती व्हर्मिक्युलाइटसारखं न जळणारं खनिज भरायचं असतं. घातक रसायनांच्या वाहतुकीचे नियम वाचायला रुक्ष असतात हे खरं, पण त्यांतल्या बहुतेक कलमांमागे असंच काहीतरी शाळेतलं रसायनशास्त्र दडलेलं असतं.

कारखान्यातून निघालेल्या नव्या मालाचं निदान एक बरं असतं, आत काय आहे ते बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. कचऱ्याचं तसं नाही. प्रयोगशाळेतल्या एकाच डब्यात चार जणांनी चार द्रव ओतलेले असतात. कुठे आम्लाच्या पिंपात सायनाइडचं पाणी जातं आणि हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. कुठे ब्लीचमध्ये आम्ल पडून क्लोरिन. नायट्रिक आम्लाच्या बाटलीत थोडं अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन गेलं तर ओतताना काहीच दिसत नाही असंही होतं. क्रिया सावकाश वेग घेते, वायू साठत जातो आणि घट्ट झाकणाची बाटली काही तासांनी फुटते, तेव्हा ओतणारा घरी गेलेला असतो. माझ्या मते सगळ्या नियमांत महत्त्वाचा नियम हाच, की एकमेकांशी न जमणारे पदार्थ एका भांड्यात तर नाहीतच, पण एका खोक्यातही शेजारी ठेवायचे नाहीत. पुढचे सगळे उपाय ही पायरी चुकली की लंगडे पडतात.

आत काय आहे ते कळलं की त्याचं वर्गीकरण. संयुक्त राष्ट्रांनी १९५६ साली घातक मालाच्या वाहतुकीच्या शिफारशी पहिल्यांदा प्रसिद्ध केल्या. त्यांना ‘ऑरेंज बुक’ म्हणतात, आणि रस्ता, रेल्वे, जहाज, विमान या सगळ्यांचे नियम आज त्यांवर उभे आहेत. त्यात नऊ वर्ग आहेत: स्फोटकं, वायू, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन, ऑक्सिडीकारक, विषारी, किरणोत्सारी, गंजवणारे, आणि कुठेच न बसणाऱ्यांसाठी नववा. वर्ग नुसत्या नावावरून ठरत नाही, पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे यावरही ठरतो. जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांत सापडणारं पिक्रिक आम्ल कोरडं असेल तर स्फोटकांत मोडतं. तेच निदान ३० टक्के पाण्याने भिजवलेलं असेल तर ज्वलनशील घन म्हणून नेता येतं. म्हणजे इथे पाणी हाच आवरणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग झाला.

प्रत्येक पदार्थाला चार आकडी यूएन क्रमांक असतो: पेट्रोलला १२०३, अ‍ॅसिटोनला १०९०, वापरून झालेल्या सल्फ्युरिक आम्लाला १८३२. कचऱ्याची मिश्रणं अशा एका नावात क्वचितच मावतात. त्यांच्यासाठी ‘अन्यत्र उल्लेख नसलेला ज्वलनशील द्रव’ अशी मोघम नावं आहेत (याचा क्रमांक १९९३). पण मोघमपणाला पळवाट ठेवलेली नाही. अशा नावापुढे धोक्याला कारणीभूत असलेल्या मुख्य घटकांची नावं कंसात द्यावीच लागतात.

यानंतर पाहायची धोक्याची तीव्रता. ती तीन पॅकिंग गटांत मोजतात, पहिला गट सर्वांत जहाल. गंजवणाऱ्या पदार्थांची कसोटी त्वचेवरची आहे. तीन मिनिटांच्या आतल्या संपर्काने त्वचा कायमची नष्ट होत असेल तर पहिला गट, तासाभरात होत असेल तर दुसरा, चार तासांपर्यंत लागले तर तिसरा.

पिंपाची निवड या गटावरून होते. पिंपावर गोलात ‘यू’ आणि ‘एन’ ही अक्षरं आणि पुढे ‘१एच१/वाय१.४/१५०’ असं काहीतरी उमटवलेलं असतं. १ म्हणजे पिंप, एच म्हणजे प्लास्टिक (पोलादासाठी ए), आणि दुसरा १ म्हणजे वरचं तोंड पूर्ण न निघणारं. वाय म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला चालेल असं. एक्स तिन्ही गटांना चालतं, झेड फक्त तिसऱ्याला. ही अक्षरं पिंप खरोखर खाली टाकून मिळवलेली असतात. एक्ससाठी ते १.८ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर सोडतात, वायसाठी १.२ आणि झेडसाठी ०.८ मीटरवरून. प्लास्टिकचं पिंप तर आधी उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात, कारण थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. १५० हा आकडा पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा, किलोपास्कलमध्ये. १.४ हा आकडा मात्र सहज नजरेतून सुटणारा आहे. पाण्याच्या किती पट जड द्रव या पिंपाला चालेल ते तो सांगतो. तीव्र सल्फ्युरिक आम्लाची सापेक्ष घनता सुमारे १.८४ आणि गट दुसरा. तेव्हा पिंप शाबूत, झाकण घट्ट, तरीही हे पिंप त्या आम्लासाठी चुकीचं.

पिंप काठोकाठ भरायचं नाही. द्रव तापला की प्रसरण पावतो आणि दाबला मात्र जवळजवळ जात नाही. म्हणून ५५ अंश तापमानालाही वर थोडी पोकळी उरली पाहिजे. आणि पिंप वाटेत गळू लागलंच, तर ते तसंच मोठ्या, चाचणी झालेल्या बचाव-पिंपात बसवतात आणि बाहेर तसं लिहितात.

राहिलं लेबल. पत्त्यांतल्या चौकटसारखा टोकावर उभा चौकोन, प्रत्येक बाजू १०० मिलिमीटर. वाहनावर लावायचा तो २५० मिलिमीटरचा. रंग, चित्र आणि खालच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा. ज्वलनशील द्रव लाल, ऑक्सिडीकारक पिवळा, पाण्याशी गाठ पडली की पेटणारे निळे. चित्रावर एवढा भर अशासाठी, की ते वाचणारा अग्निशामक जवान बहुधा परक्या भाषेचा असतो आणि धुरातून, लांबून पाहत असतो. एकापेक्षा जास्त धोके असतील तर लेबलंही जास्त. मिथेनॉल पेटतं आणि विषारीही आहे, म्हणून त्याला दोन. सागरी वाहतुकीत तर खुणा तीन महिने समुद्राच्या पाण्यात बुडाल्या तरी ओळखता आल्या पाहिजेत.

खोटं किंवा अर्धवट लेबल मात्र लेबल नसण्याहून वाईट. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान मायामीहून उडाल्यावर काही मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं आणि ११० जण गेले. सामानकक्षात पाच खोकी होती. त्यांत दुसऱ्या विमानांतून काढलेले, मुदत संपलेले ऑक्सिजन जनित्राचे डबे होते, व्यवहारात कचराच. कागदावर त्यांना ‘रिकामे’ म्हटलं होतं. प्रत्यक्षात बरेचसे भरलेले होते आणि चाप आपोआप सुटू नये म्हणून लावायच्या टोप्या त्यांवर नव्हत्या. चाप सुटला की आतलं क्लोरेट विघटन पावून ऑक्सिजन देतं आणि डब्याचा पत्रा २०० अंशांच्या वर तापतो. हवा मिळाली नाही की आग आपोआप विझेल, या भरवशावर तो कक्ष बांधला होता. तिथे आगीला ऑक्सिजन डबेच पुरवत होते.

‘रिकामं’ या शेऱ्यावर नियमांचा फारसा विश्वास नाही तो यामुळेच. पेट्रोलने भरलेल्या पिंपात वाफेला जागा कमी आणि हवा जवळजवळ नसते. ओतून झालेल्या, पण न धुतलेल्या पिंपात उरलेल्या चार थेंबांची वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार होतं, आणि ते ठिणगीने भडकू शकतं. म्हणून असं पिंप धुऊन आतला अंश पूर्ण काढेपर्यंत भरलेल्याच वर्गात धरतात. तोवर त्याची सगळी लेबलं तशीच राहतात. आणि एकदा ते स्वच्छ झालं की ती काढून टाकणं किंवा झाकणं हेही तितकंच बंधनकारक आहे.