लास वेगासच्या बिलामागचे शतक

लास वेगास या जुगाराच्या शहराची ख्याती स्वस्ताईची, पण आज प्रवाशाच्या हातात पडते ते बिल मोठे. हे कसे झाले, त्याची गोष्ट लग्नाच्या एका कायद्यापासून सुरू होते. 1927 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केल्यावर तीन दिवस थांबायचे. दारूच्या भरात लग्न उरकून दुसऱ्या दिवशी पस्तावणाऱ्यांना आवर घालणे हा त्यामागचा हेतू. फायदा झाला शेजारच्या नेवाडाचा. तिथे थांबण्याची अट नव्हती, आणि लॉस एंजेलिसहून मोटारीने निघालेले जोडपे सुमारे 430 किलोमीटर वाळवंट तुडवून त्याच दिवशी लग्न लावून घेऊ शकत होते. लास वेगास तेव्हा रेल्वेचे एक छोटे गाव होते. 15 मे 1905 रोजी रेल्वे कंपनीने उन्हात भूखंडांचा लिलाव मांडला, तिथून त्याची सुरुवात झालेली.

जुगार तिथे पूर्वीही चालायचा, पण 1 ऑक्टोबर 1910 पासून नेवाडात त्यावर बंदी होती. महामंदीत राज्याची तिजोरी आटली, तेव्हा 19 मार्च 1931 रोजी गव्हर्नर फ्रेड बाल्झार यांनी जुगार पुन्हा कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. त्याच वर्षी घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची अट तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आली. शेजारी जे करू देत नाहीत ते इथे करू द्यायचे आणि येणाऱ्याकडून राहण्या-खाण्याचे पैसे मिळवायचे, हा नेवाडाचा हिशेब. 1931 मध्येच हूवर धरणाचे काम सुरू झाले. मजुरांसाठी बांधलेल्या बोल्डर सिटीत दारू आणि जुगार दोन्हींना मनाई, त्यामुळे पगार झाला की माणसे लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर येत. घटस्फोटाचा धंदा मुख्यतः रीनो शहराकडे होता. 1939 मध्ये हॉलिवूडचा नट क्लार्क गेबलच्या पत्नीने लास वेगासमध्ये घटस्फोट घेतला आणि वर्तमानपत्रांनी या गावाचे नावही देशभर नेले.

लग्नाची ती सोय आजही चालू आहे. लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) येते, तिचे परवाना कार्यालय सुट्टीच्या दिवशीसुद्धा सकाळी 8 ते मध्यरात्रीपर्यंत उघडे असते. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, मग दोघांनी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः जायचे. शुल्क 102 डॉलर, परवाना वर्षभर चालतो. विधी करणाऱ्याखेरीज एक साक्षीदार लागतो. विधी करणाऱ्याने दहा दिवसांत नोंद पाठवली की काउंटीकडून 20 डॉलरला प्रमाणित प्रत मिळते. चॅपलमध्ये, म्हणजे लग्न लावणाऱ्या खासगी ठिकाणी, हातात पडणारे नक्षीदार प्रमाणपत्र ही फक्त आठवण. सरकारी कामाला ते चालत नाही. भारतात कागद दाखवायचा असेल तर प्रमाणित प्रतीवर नेवाडाच्या राज्य सचिवांच्या कार्यालयाकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणन) करून घ्यावे. मराठी जोडप्यांची गाडी अडते ती बहुधा नावावर. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधले नाव म्हणून लिहितात आणि पासपोर्टात ते कित्येकदा पहिल्या नावाच्याच रकान्यात असते. अर्जात नाव पासपोर्टात आहे तसे, अक्षर न् अक्षर भरावे आणि खिडकीवरून हलण्यापूर्वी परवाना वाचून पाहावा. नंतरच्या दुरुस्तीला पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

परवाना कार्यालय जुन्या शहरात आहे आणि प्रवासी उतरतात ते स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या हॉटेल-कॅसिनोंच्या रस्त्यावर. हा दुरावा कर वाचवण्यातून आला. एप्रिल 1941 मध्ये थॉमस हल यांनी एल रँचो वेगास हे हॉटेल महामार्ग 91 वर, शहराची हद्द सोडून बांधले. जमीन स्वस्त, पार्किंगला जागा मुबलक आणि नगरपालिकेचा कर नाही. मागोमाग बाकीचेही तिथेच आले. शहराने स्ट्रिप हद्दीत ओढायचा घाट घातला, तेव्हा 1950 मध्ये काउंटीकडून पॅराडाइज नावाचे वेगळे गाव जाहीर करवून घेण्यात आले. म्हणून बहुतेक प्रसिद्ध हॉटेले आणि विमानतळसुद्धा कागदोपत्री लास वेगास शहरात नाहीत. शहर सुरू होते सहारा अव्हेन्यूच्या उत्तरेला. मोनोरेल ना विमानतळावर जाते ना जुन्या शहरात. फ्रीमाँटला जायला चोवीस तास धावणारी ड्यूस बस बरी. स्ट्रिपची लांबी साडेसहा किलोमीटरच्या वर आहे. शेजारचे वाटणारे हॉटेल वीस मिनिटांच्या चालीवर निघते, आणि जुलैत पारा सहज 40 अंशांच्या पुढे असतो. दुपारचे अंतर चालून कापायचा बेत करूच नये.

खोली आणि जुगार यांची सांगड किती घट्ट आहे हे फ्लमिंगो हॉटेलने दाखवले. गुन्हेगारी टोळीतल्या बग्झी सीगलने 26 डिसेंबर 1946 रोजी कॅसिनो उघडला तेव्हा खोल्या तयारच नव्हत्या. जिंकणारे पैसे खिशात घालून झोपायला दुसऱ्या हॉटेलात जात आणि उरलेला खेळ तिथेच खेळत. कॅसिनो तोट्यात गेला, महिन्याभरात बंद ठेवावा लागला आणि मार्च 1947 मध्ये खोल्यांसह पुन्हा उघडला. पुढची चार दशके स्ट्रिपने हाच धडा गिरवला: गिऱ्हाईक इमारतीतून बाहेर पडता कामा नये. खोली, जेवण, गाणे जवळजवळ पडत्या भावात द्यायचे आणि वसुली टेबलावर करायची. स्वागतकक्षापासून लिफ्टपर्यंतची वाट मशीनच्या रांगांमधून जाते तीही याचसाठी. (गोव्यात कायद्याने टेबलावरचे खेळ फक्त जहाजांवर चालू दिले, म्हणून तिथे कॅसिनो मांडवीत तरंगतात. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द केला.)

हा हिशेब मोडला तो मालकी बदलल्यावर. 1967 आणि 1969 च्या कायद्यांनी प्रत्येक भागधारकाला परवाना घेण्याची अट काढली आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांना कॅसिनोची दारे उघडली. कंपनीच्या पद्धतीत खोली, उपाहारगृह, नाट्यगृह या प्रत्येकाने आपापला नफा दाखवायचा असतो. नोव्हेंबर 1989 मध्ये कॅसिनो-उद्योजक स्टीव्ह विन यांचे मिराज हे हॉटेल सुमारे 63 कोटी डॉलर खर्चून उभे राहिले. दारात कृत्रिम ज्वालामुखी, आत महागड्या खोल्या. पाहुणा जुगार न खेळताही भरपूर खर्च करतो हे तिथे सिद्ध झाले. 1990 च्या दशकाअखेर स्ट्रिपची जुगाराबाहेरची कमाई जुगाराच्या कमाईपेक्षा जास्त झाली. माझ्या मते आजच्या प्रवाशाच्या तक्रारींचे मूळ इथे आहे: स्वस्ताईची ख्याती जुन्या काळातली, बिल नव्या काळातले.

या बिलातली ठळक ओळ म्हणजे रिसॉर्ट फी. वायफाय, व्यायामशाळा यांच्या नावाने ती सक्तीने लागते, वापरा किंवा नका वापरू. समजा खोली 60 डॉलर आणि फी 45. दोन्ही मिळून 105 वर 13.38 टक्के कर, म्हणजे रात्रीला 119 डॉलर. मे 2025 पासून संघराज्याच्या नियमाने फीसकट आकडा सुरुवातीलाच दाखवावा लागतो, पण त्यात कर धरलाच असेल असे नाही. पूर्वी फुकट असलेल्या पार्किंगला एमजीएम या हॉटेल कंपनीने 2016 मध्ये पैसे लावले आणि इतरांनी तीच वाट धरली. हमीची रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवू द्यावी. डेबिट कार्डावरची सुटायला दिवस लागतात. बऱ्याच खोल्यांतल्या फ्रिजला सेन्सर असतो, स्वतःची पाण्याची बाटली ठेवायला आतली वस्तू सरकवली तरी बिल होते.

टेबलावरही कातरी लागली आहे. ब्लॅकजॅक लागला (पत्त्यांच्या या खेळात पहिल्या दोन पत्त्यांतच 21 गुण झाले) की पूर्वी 3:2 ने पैसे मिळत, 20 डॉलरच्या डावावर 30. आता कमी रकमेच्या बहुतेक टेबलांवर 6:5, म्हणजे 24. ब्लॅकजॅक साधारण 21 हातांत एकदा येतो, त्यामुळे एवढ्या फरकाने कॅसिनोचा वाटा (लावलेल्या रकमेतून सरासरी त्याच्याकडे जाणारा भाग) सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढतो. हा दर टेबलाच्या कापडावर छापलेला असतो, बसण्यापूर्वी वाचावा. रूलेच्या चाकावर दोन शून्ये असतील तर वाटा 5.26 टक्के, तीन असतील तर 7.69. तासाला 40 फेऱ्या, प्रत्येकी 15 डॉलर धरले तर सरासरी तोटा अनुक्रमे 32 आणि 46 डॉलर.

भारतीय पासपोर्टावर गेलेल्या, अमेरिकेत न राहणाऱ्या प्रवाशाला ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रूले यांतल्या जिंकण्यावर तिथे कर लागत नाही. स्लॉट मशीनच्या मोठ्या जॅकपॉटमधून मात्र 30 टक्के जागेवरच कापतात. त्या कपातीचा 1042-एस फॉर्म जपून ठेवावा, कारण भारतात रहिवासी असणाऱ्याला ही कमाई इथल्या विवरणपत्रातही दाखवावी लागते.