पीठ मध्येच का थांबतं?

‘यीस्ट मेलेलं दिलंत का?’ बेकरीवाल्यांचा पहाटे फोन येतो तो बहुतेक वेळा याचसाठी. पीठ मळलं, तासभर छान फुगलं आणि मग गप्प बसलं. अशा वेळी घाईने आणखी यीस्ट घालू नका. ते मेलेलं नाही, त्याचं खाणं बदलतं आहे.

मैद्यात ग्लुकोजसारखी मोकळी साखर शंभरात जेमतेम एक-दोन भाग. ती यीस्ट आधी फस्त करतं. तोवर मैद्यातलंच एक एन्झाइम स्टार्च तोडून माल्टोज नावाची दुसरी साखर तयार करत असतं. म्हणजे पुढचं ताट वाढलेलं असतं. पण माल्टोज पेशीच्या आत ओढून घेणारं एक प्रथिन आणि तिचे तुकडे करून ग्लुकोज मोकळी करणारं एक एन्झाइम यीस्टला आधी घडवावं लागतं. त्यांची जनुकं यीस्टपाशी असतात, मात्र ग्लुकोज हाताशी आहे तोवर ती बंद. मिग१ नावाचं प्रथिन त्यांना दाबून ठेवतं. ग्लुकोज संपत आली की स्नफ१ हे प्रथिन मिग१ला बाजूला सारतं आणि समोर माल्टोज असेल तर जनुकं सुरू होतात. ही जुळवाजुळव होईपर्यंत पीठ थांबतं.

यीस्टची एकूण जनुकं सुमारे ६,०००. ग्लुकोज संपताना त्यांतल्या १,७०० हून अधिक जनुकांचं काम निदान दुपटीने वाढतं किंवा निम्म्यावर येतं, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं. एवढ्याशा पेशीची ही उलथापालथ आम्हाला अजूनही थक्क करते.

स्वतः पाहायचं असेल तर काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत बिनसाखरेचं पीठ, दुसरीत तेच पीठ चमचाभर साखर घालून. सुरुवातीच्या उंचीची खूण म्हणून बरणीला बाहेरून रबरबँड लावा आणि दर पंधरा मिनिटांनी पिठाची उंची बघा. बिनसाखरेचं पीठ मध्येच रेंगाळतं आणि पुन्हा चढू लागतं.

लादीपावासाठी उपाय सोपा आहे. थोडा मैदा, पाणी आणि यीस्ट कालवून आदल्या रात्री खमीर लावा. सकाळपर्यंत त्यातलं यीस्ट माल्टोजला सरावलेलं असतं. काही यीस्ट मुळातच माल्टोजला चटकन लागतं; बिनसाखरेच्या पावाला तेच घ्या.

गोड बनची गोष्ट उलटी. तिथे साखर इतकी असते की ती पेशीतलं पाणी बाहेर ओढते. यीस्ट मग ग्लिसरॉल बनवणारी जनुकं जोमाने चालवून स्वतःला सावरतं, आणि तोवर फुगवट मंदावते. साध्या पावाचं यीस्ट इथे वापरू नका, गोड पिठासाठीचं वेगळं मिळतं.

ऑर्डर देताना किलोभर मैद्याला किती ग्रॅम साखर घालता तेवढं सांगा. त्यावरून कोणतं पाकीट द्यायचं ते आम्ही ठरवतो.