डोपाची गोळी, दिव्यांग कार्ड अन् बाहेरून येणारं औषध: मराठवाड्यातल्या आईबापांसाठी कागदपत्रांची माहिती

माझ्या भाचीच्या फाइलवर चार वर्षं 'सीपी' म्हणजे सेरेब्रल पाल्सी लिहिलेलं होतं. सकाळी पोरगी नीट चालत शाळेत जायची अन् दिवे लागायच्या टायमाला पाय आत वळून भिंत धरून चालायची, मग एका न्यूरोच्या डॉक्टरांनी लेवोडोपा-कार्बिडोपा, म्हणजे डोपाची गोळी, अगदी कमी डोसमधे देऊन बघितलं अन् आठवड्यात फरक दिसला, नंतर जेनेटिक टेस्टमधे जीसीएच-१ नावाच्या जनुकात बिघाड निघाला म्हणजे सेगावा, मेंदूत डोपामिन कमी पडून हातपाय वळणारा अन् या गोळीनं सुधरणारा आजार. तेव्हापासून गावोगावचे लोक कागदं विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी रिपोर्टवर आजाराचं नेमकं नाव लिहून घ्या, 'मूव्हमेंट डिसऑर्डर' एवढ्यावर काहीच हलत नाही. सेगावा असेल तर गोळी स्वस्त आहे, लेवोडोपा-कार्बिडोपा 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, म्हणून संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा सिव्हिलच्या औषध खिडकीवर आधी विचारा, मेडिकलवर नंतर जा. एएडीसी नावाचा प्रकार वेगळा, त्यात लेवोडोपापासून डोपामिन बनवणारं एन्झाइमच कमी असतं, त्यामुळं ही गोळी बहुतेक लेकरांना लागू पडत नाही, डॉक्टर बी-६ जीवनसत्त्व अन् डोपामिनसारखं काम करणारी दुसरी औषधं देतात. बीएच-४ (डोपामिन बनवायला शरीराला लागणारा घटक) च्या बिघाडात सॅप्रोप्टेरिन नावाचं महागडं औषध लागू शकतं अन् तिथं खर्चाचं गणित पार बदलतं. महात्मा फुले योजनेवर आस ठेवू नका, ती दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते, महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

महागडं औषध असेल तर केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण, 2021 चं. यात 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण आजार त्या यादीत पाहिजे अन् फाइल फक्त ठरवून दिलेल्या सेंटरमधून जाते, तहसीलमधून किंवा आमदाराच्या पत्रावर नाही. मुंबईत केईएम दवाखाना आहे अन् हैदराबादला निम्स दवाखाना, नांदेड-लातूरवाल्यांना हैदराबादच जवळ पडतं. तिथं नोंदणी होते, डॉक्टरांची कमिटी केस बघते अन् पैसे सेंटरकडं येतात, आपल्या खात्यावर नाही. आधार, सगळे जुने रिपोर्ट, जेनेटिक टेस्ट अन् आतापर्यंत कोणतं औषध किती दिवस दिलं त्याचा कागद सोबत ठेवा.

औषध परदेशातून मागवायचं असेल तर स्वतःच्या वापरासाठी सीडीएससीओकडं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण खात्याकडं, फॉर्म १२-ए भरायचा, परवानगी १२-बी वर मिळते, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी अन् ओळखपत्र लागतं. धोरणाच्या यादीतला आजार असेल तर 1 एप्रिल 2023 पासून अशा औषधावर मूळ सीमाशुल्क माफ आहे, त्यासाठी सिव्हिल सर्जन किंवा आरोग्य संचालकांचा दाखला जोडावा लागतो. हा दाखला पार्सल निघायच्या आधी घ्या, माल कस्टममधे अडकल्यावर धावपळ करून जीव जातो.

आता दिव्यांग कार्ड, इथं आम्ही तोंडावर आपटलो. स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा अन् सही किंवा अंगठा टाकून अर्ज करायचा, दवाखाना निवडायचा अन् बोलावलं की पावती घेऊन जायचं. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, यातली लेकरं चलनवलन किंवा दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारात बसू शकतात, अन् बऱ्याच योजनांना निदान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. पण तपासणी सकाळची अन् आमची पोरगी सकाळी ठणठणीत! टेबलामागच्या साहेबांनी वर न बघता टक्के कमी लिहिले. दुसऱ्या बारीला संध्याकाळचे व्हिडिओ नेले, स्क्रीनवर तारीख-वेळ दिसतील असे, अन् न्यूरोच्या डॉक्टरांचं पत्र की हा आजार दिवस चढेल तसा वाढतो, तेव्हा कुठं ऐकून घेतलं. गोळी चालू असताना तपासणी असली तर तसं पत्रात लिहून घ्या, टक्के वाढावे म्हणून गोळी मनानं बंद करू नका, अचानक बंद केली तर लेकराला लई त्रास होतो. अन् गोळीनं पोरगं पूर्ण सुधरलं असेल तर टक्के कमीच येणार, त्याबद्दल भांडू नका.

कार्ड आलं की एसटीत 75 टक्के सवलत आहे. रेल्वेचं कन्सेशन सर्टिफिकेट वेगळं, त्याचा फॉर्म सरकारी डॉक्टरकडूनच भरून घ्यावा लागतो, तर त्याच चकरेत तेही उरकून घ्या.