मक्याचा डीडीजीएस घालताय? मग उकिरड्याकडेही बघा

सकाळी गोठ्यात पाऊल टाकताच डोळे चुरचुरत असतील, नाकात झणका बसत असेल, तर तो वास नुसता शेणाचा नव्हे. तो अमोनिया आहे. पैसे मोजून आणलेली प्रथिनं हवेत उडून चालली आहेत. डीडीजीएस, म्हणजे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा, आम्हीच विकतो, म्हणून त्याची ही बाजूही आम्हीच सांगायला हवी.

आधी माल काय आहे ते. मक्यात साधारण 70 टक्के स्टार्च असतो. इथेनॉल करताना यीस्ट तेवढा स्टार्च संपवतं. प्रथिनं, तेल, तंतू, फॉस्फरस मागे राहतात. 100 किलो मक्यातून सुमारे 30 किलो डीडीजीएस निघतो, म्हणजे मागे उरलेलं सगळं जवळजवळ तिप्पट घट्ट होतं. मक्यात प्रथिनं 8-9 टक्के, यात 27 ते 30. फॉस्फरस 0.3 टक्क्यावरून 0.8 च्या आसपास. बरेच जण विचारतात, हे साखर कारखान्याच्या मळीचं का? नाही. मळीच्या इथेनॉलमागे स्पेंटवॉश नावाचं सांडपाणी उरतं, ते गव्हाणीत घालायची वस्तू नव्हे.

आता हिशेब. गाईला रोज 2 किलो डीडीजीएस घातला, तर त्यातून अंदाजे 90 ग्रॅम नत्र (प्रथिनांतलं नायट्रोजन) आणि 16 ग्रॅम फॉस्फरस पोटात जातो. 10 लिटर दुधातून बाहेर पडतं नत्र 50 ग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस 9-10 ग्रॅम, तेही वैरण-खुराक सगळं मिळून. गरजेपेक्षा जास्त गेलेलं अंगी लागत नाही. जादा नत्र मुतातून युरिया होऊन जातं, जादा फॉस्फरस मुख्यतः शेणातून.

म्हणून किती घालता याच्याइतकंच काय काढून घालता हे महत्त्वाचं. मक्याचा भरडा काढून डीडीजीएस दिला, तर शेण-मुतातलं नत्र आणि फॉस्फरस दोन्ही वाढतात. सरकी पेंड कमी करून दिला, तर फारसा फरक पडत नाही; प्रथिनांपुरतं बोलायचं तर 2 किलो सरकीच्या जागी दीड किलो पुरतो. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस आधीच 1 टक्क्याजवळ असतो, त्याच्या जागीही शेणातला फॉस्फरस वाढत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पेंड तशीच ठेवून वरून डीडीजीएस टाकणं. दूध तेवढं वाढत नाही, उकिरडा मात्र तापतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच गोठ्यांच्या.

अमेरिकेत नेब्रास्का, आयोवा भागात हजारो जनावरांच्या छावण्यांत खुराकाचा 20 ते 40 टक्के भाग हा चोथा असतो. तिथे शेणातला फॉस्फरस जमिनीला पेलेना, पावसाबरोबर ओढ्यात उतरून शेवाळ माजू लागलं, म्हणून खत लांबच्या शेतांवर पसरावं लागतं. आपल्याकडच्या काळ्या रानात उपलब्ध स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बहुधा कमीच असतं, त्यामुळे चार गाईंच्या घरी हे खत सोनंच आहे. 2 किलो रोज धरला, तर एका गाईच्या डीडीजीएसमधून वर्षाला येणारा फॉस्फरस डीएपीच्या 50 किलोच्या निम्म्या गोणीहून जास्त भरतो. पण दोन एकरांवर चाळीस गाई असतील आणि खत दरवर्षी त्याच तुकड्यात पडत असेल, तर माती तपासून घ्या. स्फुरद फार साचलं की पिकाला जस्त मिळेनासं होतं.

अमोनिया थांबवणं मात्र आपल्या हातात आहे. मुतातला युरिया शेणातल्या जंतूंशी गाठ पडली की काही तासांत फुटतो आणि त्याचा अमोनिया होतो. गव्हाणीमागे उताराची नाली काढा, मूत वेगळ्या टाकीत घ्या. बसायच्या जागेवर उसाचं पाचट किंवा भुसा अंथरा, तो नत्र धरून ठेवतो. उकिरड्यावर मातीचा थर द्या, पावसाळ्यात झाका, आणि रानात टाकलेलं खत त्याच दिवशी कुळवून घ्या. खड्डा विहिरीपासून लांब हवा. नायट्रेट झिरपून पाण्यात उतरतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

गोबरगॅस असेल तर आणखी एक गोष्ट. कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल वापरतात, त्यामुळे डीडीजीएसमध्ये गंधक जास्त असू शकतं. ते शेणात उतरलं की गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो, शेगडी लवकर गंजते. स्लरीच्या बंद खड्ड्यात कुणी उतरू नये, तिथे साचलेला हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू जीव घेतो. बोअरचं पाणी खारं, सल्फेटचं असेल तर डीडीजीएस कमीच ठेवा. जादा गंधकाने जनावराच्या मेंदूला इजा होते.

गोणी उघडली की मूठभर हातावर घेऊन बघा. सोनेरी-पिवळा आणि गोडसर वासाचा असेल तर ठीक. काळपट, करपलेल्या वासाचा असेल तर प्रथिनं वाळवताना जळाली आहेत. ती गाईला पचत नाहीत, थेट शेणात जातात. बुरशीचा वास आला तर घालूच नका. मक्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, तेही तिप्पट घट्ट होतं आणि दुधात उतरतं. अशी गोणी परत आणा, आम्ही बदलून देऊ.

पुढच्या वेळी माल न्यायला याल तेव्हा किती जनावरं, किती दूध, पेंड कोणती, मुरघास किती, एवढं चिठ्ठीवर लिहून आणा. डीडीजीएस किती घालायचा आणि त्यासाठी काय कमी करायचं, ते बिलाच्या मागेच लिहून देतो.