मोजणीचे दिवे (विदर्भ)

त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लांबच्या टेकडीवर रात्री नेम धरता यावा, म्हणून तिच्या माथ्यावर लावल्या जाणाऱ्या दिव्यांना येथे मोजणीचे दिवे म्हटले आहे. विदर्भाला समुद्र नाही, म्हणून दीपगृहही नाही. तरी भारताचा महाकंस, म्हणजे कन्याकुमारीकडून हिमालयाकडे मोजत नेलेली उत्तर-दक्षिण रेषा, वऱ्हाडातून गेला आणि त्याच्या कामात दीपगृहाच्याच जातीचे दिवे इथल्या टेकड्यांवर लागले. दीपगृहाचा दिवा एका जागी उभा राहून गलबताला वाट दाखवतो. हा दिवा मात्र मोजणीबरोबर टेकडीमागून टेकडी पुढे सरकत असे.

ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटनने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषेची मोजणी सुरू केली. आधाररेषा तेवढी साखळीने मोजायची आणि पुढचे सगळे अंतर त्रिकोणांचे कोन मोजून गणिताने काढायचे, अशी ही पद्धत. लॅम्बटनचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र, सुमारे अर्धा टन वजनाचा होता. हैदराबादेहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना 20 जानेवारी 1823 रोजी नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातल्या हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. त्याची कबर तिथेच आहे. कापसाच्या बाजारासाठी सगळ्यांना ठाऊक असलेल्या या गावाचे नाव भूगणिताच्या, म्हणजे पृथ्वीचा आकार मोजण्याच्या शास्त्राच्या, इतिहासातही कायमचे आहे, हे विदर्भातल्या शाळांमधून आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

लॅम्बटननंतर काम त्याचा सहकारी जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. निजामाच्या ताब्यातल्या वऱ्हाडातून त्याने महाकंस पुढे नेला. दुखण्याने त्याचे हातपाय इतके लुळे पडले होते की, निरीक्षणाच्या वेळी माणसे त्याला धरून आसनावर बसवत आणि उतरवत. या टप्प्याविषयी त्याने 1830 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातला कंस 18°3′ ते 24°7′ अक्षांशांमधला आहे. त्याची तीन मुख्य ठाणी, म्हणजे निरीक्षणाच्या जागा, अशी: दक्षिणेला दामरगिड्डा, उत्तरेला सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मध्ये वऱ्हाडातले टाकळखेडा. टाकळखेड्याच्या उत्तरेला सातपुड्याचे पठार आहे. त्याच्या वस्तुमानाने ओळंबा किंचित ओढला जात असावा, अशी शंका एव्हरेस्टला आली. ओळंबा ढळला की अक्षांशही चुकतो. पुढे हिमालयाच्या ओढीबद्दल जी मोठी चर्चा झाली, तिची एक कडी अशी वऱ्हाडात आहे. पृथ्वीच्या आकाराचे ‘एव्हरेस्ट 1830’ या नावाचे जे माप भारताच्या नकाशांना दीर्घकाळ आधार राहिले, तेही याच कामातून निघाले.

दिव्यांची गरज हवेमुळे पडली. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, धूळ आणि धुरके उठते आणि पंचवीस-तीस मैलांवरचे निशाण दिसेनासे होते. रात्री हवा निवते. शिवाय रात्रीच्या वक्रीभवनाने प्रकाशाची वाट अधिक वाकते, त्यामुळे दिवसा आड लपलेला माथा वर उचलल्यासारखा दिसू लागतो. एव्हरेस्टने या गोष्टीचा पुरेपूर फायदा घेतला. दिवसा सूर्यकिरण आरशाने परावर्तित करणारा हेलिओट्रोप आणि रात्री दिवे, अशी त्याने जोडी बसवली. फार लांबच्या ठाण्यासाठी अरगँड दिव्यामागे (हा नळीसारख्या वातीचा प्रखर तेलदिवा) अन्वस्ताकार, म्हणजे उजेड एका दिशेला एकवटणारा खोलगट आरसा लावत. त्या काळच्या दीपगृहांतली रचनाही हीच होती.

जवळच्या पल्ल्यासाठी मात्र याहून साधा दिवा चाले आणि वऱ्हाडी माणसाला तो लगेच आपलासा वाटेल. वीतभरापेक्षा लहान वाटीत तेल आणि राळ यांत भिजवलेली सरकी भरायची, ती पेटवायची आणि वर मोठे मातीचे भांडे उपडे घालायचे. भांड्याच्या एका बाजूला भोक ठेवलेले असे. ते थिओडोलाइटकडे वळवले की वारा अडे आणि उजेड नेमका हव्या त्या दिशेला जाई. सरकी, तेल, राळ आणि कुंभाराची माती, एवढ्यावर पृथ्वीच्या आकाराचे गणित रात्रभर तेवत राही.

दिवा सांभाळणारी माणसे आधीच टेकडीवर पाठवलेली असत. निरीक्षण कधी होईल याचा नेम नसे, म्हणून त्यांना रात्र-रात्र जागावे लागे. सर्वेक्षण खात्यात अशा कामगारांना ‘खलाशी’ म्हणतात. जहाजावरच्या माणसाचा हा शब्द समुद्रापासून शेकडो मैल दूर, डोंगरावर निशाण आणि दिवा धरणाऱ्याला लागू झाला. ग्रंथांत अधिकाऱ्यांची नावे आहेत, खलाशांची बहुधा नाहीत. अर्धे काम त्यांच्या जागरणावर उभे असल्याने ही उणीव मोठी आहे.

एव्हरेस्टने कल्याणपूरच्या दक्षिणेचा भाग नव्या उपकरणांनी पुन्हा मोजायला लावला. अँड्र्यू वॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1830 च्या दशकाच्या अखेरीस ते काम हाती घेतले आणि 1841 मध्ये बिदरची आधाररेषा मोजली. त्यासाठी वऱ्हाडातल्या ठाण्यांवरून पुन्हा नेम धरले गेले.

अशा ठाण्यावर दगडात एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यावर टिंब कोरत. दिवा लावताना ओळंबा खाली सोडून दिवा बरोबर त्या टिंबावर आणावा लागे. दिवा थोडा जरी सरकला, तरी दूरवर मोजलेला कोन चुके.